ओनेगा ते सुपीरियर: दोन सरोवरकाठच्या भगिनी शहरांत दहा दिवस

पेत्रोझावोद्स्क हे रशियातल्या कारेलिया प्रजासत्ताकाच्या राजधानीचे शहर, ओनेगा सरोवराच्या पश्चिम काठावर. डुलूथ हे अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याचे बंदर, सुपीरियर सरोवराच्या पश्चिम टोकाला. दोघांच्या अक्षांशात पंधरा अंशांचा फरक आहे, पण बर्च, पाइन, ग्रॅनाइट आणि गार पाणी दोन्हीकडे सारखेच. १९८७ पासून ही शहरे दोन नगरपालिकांच्या कराराने एकमेकांशी जोडलेली आहेत. मराठीत आपण भगिनी शहरे म्हणतो. रशियनमधला शब्द आहे ‘गोरद-पबरातीम’, म्हणजे शपथेने भाऊ झालेले शहर. असे नाते मुंबईचे सेंट पीटर्सबर्गशी आहे, पुण्याचे सॅन होजेशी.

रशियन आणि अमेरिकन गटांचे येणेजाणे २०२२ पासून जवळजवळ थांबलेले आहे. त्याआधीच व्हिसाची वाट अरुंद झाली होती. सेंट पीटर्सबर्गचा अमेरिकन वाणिज्य दूतावास २०१८ मध्ये बंद झाला आणि मॉस्कोतल्या दूतावासाने २०२१ मध्ये पर्यटक व्हिसा देणे थांबवले. भारतीय पासपोर्टवर मात्र दोन्ही टोके एका सुट्टीत पाहता येतात. रशियासाठी ई-व्हिसा मिळतो. अमेरिकेचा व्हिसा आधीच हातात असला पाहिजे, कारण त्याच्या मुलाखतीची तारीख मिळायलाच महिने जातात.

महिना सप्टेंबर धरावा. जूनमध्ये रात्री उजेड असतो, पण शाळा बंद असतात, आणि देवाणघेवाण पाहायची तर वर्ग भरलेले हवेत. रशियात शाळा १ सप्टेंबरला सुरू होते, अमेरिकेत सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या आसपास. ओनेगातल्या किझी बेटाकडे जाणाऱ्या बोटीही सप्टेंबरात चालू असतात.

दिवस १: लादोझ्स्की स्थानक

सेंट पीटर्सबर्गच्या लादोझ्स्की स्थानकावरून ‘लास्तच्का’ गाडी सुटते. लास्तच्का म्हणजे पाकोळी. सुमारे ४०० किलोमीटरचे अंतर, साधारण पाच तास. बसण्याचे डबे असतात, झोपण्याचे नाहीत.

पैशांचा प्रश्न पहिल्याच दिवशी येतो. मार्च २०२२ पासून भारतातले व्हिसा किंवा मास्टरकार्ड रशियात चालत नाही. ना एटीएममध्ये, ना रेल्वेच्या ॲपवर. सगळ्या मुक्कामाचा खर्च डॉलर किंवा युरोच्या रोख नोटांत न्यायचा आणि बँकेत रुबल करून घ्यायचे. घडी पडलेली, शाईचा ठिपका लागलेली नोट बँक परत करते, म्हणून कोऱ्या नोटा पुस्तकात ठेवून न्याव्यात. मोबाइल इंटरनेट अलीकडे मधूनच बंद पडते. नकाशा आणि तिकिटाची प्रत फोनमध्ये उतरवून घ्यावी, पत्ता रशियन लिपीत कागदावर लिहून ठेवावा.

पेत्रोझावोद्स्कचे स्थानक १९५५ सालचे, माथ्यावर सुळका असलेले. त्याच्यासमोर गागारिन चौक आणि तिथून थेट सरोवरापर्यंत उतरत जाणारा लेनिन मार्ग. चुकायला वावच नाही.

हॉटेलात उतरलात तर परदेशी पाहुण्याची नोंदणी हॉटेल करते. कुणाच्या घरी राहिलात तर ती यजमानाने करायची असते, सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांत, पोस्टात किंवा सरकारी सेवा केंद्रात. घरगुती मुक्काम हा भगिनी शहरांच्या देवाणघेवाणीचा कणा. पण घर मालकाच्या नावावर नसले, भाड्याचे असले, की अर्ज अडतो आणि उरलेल्या दिवसांची गडबड होते. दुसरी नेहमीची अडचण नावाची. निमंत्रणावर नाव रशियन लिपीत एका प्रकारे आणि व्हिसावर दुसऱ्या प्रकारे लिहिले गेले की सीमेवर खोळंबा ठरलेला. ‘ज्ञ’, ‘ळ’, ‘ह’ असलेली मराठी नावे यात हमखास सापडतात, कारण रशियनमध्ये ‘ह’ कधी ‘ख’ होतो, कधी ‘ग’. पासपोर्टवरचे स्पेलिंग पाठवून रशियन रूप यजमानाकडून आधी लिहून घ्यावे आणि पुढे सगळीकडे तेच वापरावे.

दिवस २: काठावरची भेटींची रांग

ओनेगाच्या काठाचा फिरण्याचा रस्ता १९९४ मध्ये खुला झाला. फरसबंदीला कारेलियातलाच दगड आहे: ग्रॅनाइट आणि शोक्शा गावाजवळचा किरमिजी क्वार्टझाइट. पॅरिसमध्ये नेपोलियनच्या शवपेटीला वापरलेला लालसर दगड याच शोक्शाचा.

या काठावर भगिनी शहरांनी पाठवलेली शिल्पे ओळीने उभी आहेत. त्यांत डुलूथचे ‘मच्छीमार’ सगळ्यांत जास्त फोटोंत दिसते. राफाएल कोन्सुएग्रा यांचे हे काम १९९१ मध्ये आले. दोन सडपातळ धातूचे मच्छीमार जाळे फेकताहेत; अंगावर मांस नाही, नुसत्या रेषा. मागे पाणी असल्याने जाळे कधी दिसते, कधी नाही. सूर्य पाठीशी घेऊन, दुपारनंतर पाहावे. सकाळी पाण्याच्या चकाकीत रेषा विरून जातात. जर्मनीतल्या ट्युबिंगेनचे आणि स्वीडनमधल्या उमेओचेही शिल्प इथे आहे. उमेओने दिलेले ‘इच्छावृक्ष’ मुलांना जास्त आवडते. मच्छीमारांपुढे ते जरा गोडगोड वाटते.

१९९१ साल लक्षात घेण्यासारखे आहे. सोव्हिएत संघ त्याच वर्षी संपला. करार झाला तेव्हा एक देश होता, भेट उभी राहिली तेव्हा तो मोडत होता. करार दोन सरकारांत नव्हे, दोन नगरपालिकांत होता म्हणून तगला.

ही रचना जुनी आहे. १९५६ मध्ये अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी लोकांचा लोकांशी संबंध या कल्पनेतून तिला चालना दिली, आणि अमेरिकन व सोव्हिएत शहरांची पहिली जोडी १९७३ मध्ये जुळली, सिॲटल आणि ताश्कंद. मोठी लाट १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धातली. पेत्रोझावोद्स्क आणि डुलूथ त्याच लाटेतले.

दिवस ३: किझी बेट

बंदरावरून पाण्यावर उचलून धावणारी बोट निघते. साधारण सव्वा तासात बेट. परतीची वेळ तिकिटावर ठरलेली असते आणि मध्ये तीन-चार तास मिळतात. ओनेगावर वारा चढला की बोट रद्द होते, आणि सप्टेंबरात असे होतेच. म्हणून बेट शेवटच्या दिवसावर ढकलू नये. तिसऱ्या दिवशी ठेवले की चौथा आणि पाचवा हाताशी राहतो.

रूपांतरणाचे चर्च १७१४ सालचे: २२ घुमट, ३७ मीटर उंची, सगळे लाकडी. १९९० पासून जागतिक वारशाच्या यादीत. एकही खिळा नाही ही गोष्ट प्रत्येक गाइड सांगतो, पण ती अर्धीच खरी. भिंतींचे ओंडके खाचा पाडून एकमेकांत बसवले आहेत, तिथे खिळे नाहीत. घुमटांवरच्या ॲस्पेनच्या लाकडी खवल्यांना मात्र आहेत. नवे ॲस्पेन पिवळसर असते. ऊनपाऊस खाल्ला की चंदेरी होते, म्हणून ढगाळ दिवशी घुमट धातूचे वाटतात.

दुरुस्तीची पद्धत समजून घेण्याजोगी आहे. इमारत पूर्ण उतरवली असती तर तिचे मूळपण गेले असते, आणि तशीच ठेवली असती तर खालचे कुजलेले ओंडके वरचा भार सोसेनासे झाले असते. म्हणून आत पोलादी सांगाडा घालून वरचा भाग त्यावर तोलला, मग खालच्या थरापासून एकेक पट्टा काढून, कुजका भाग बदलून पुन्हा बसवला. राहत्या घराचा जोता बदलण्यासारखेच हे.

बेटावर लाकडी पायवाट सोडू नये, गवतात फुरसे जातीचे साप नसले तरी त्यांचे उत्तरेतले भाऊबंद असतात. धूम्रपान ठरावीक जागीच. कारण उघड आहे.

दिवस ४: शाळा, दुभाषा आणि कालित्का

शाळेत किंवा विद्यापीठात गटाची भेट असली की वेळेचा हिशेब नेहमी चुकतो. एक वाक्य बोलायचे, थांबायचे, दुभाष्याने सांगायचे. तासाभराच्या भाषणात मजकूर अर्ध्या तासाचाच मावतो. कार्यक्रमपत्रिका करणारे हे विसरतात, मग तिसऱ्या वक्त्याला पाच मिनिटे उरतात आणि मुलांच्या प्रश्नांना शून्य. पाच-सहा पाहुण्यांमागे एक दुभाषा हवा, आणि भाषणाची प्रत त्याला आदल्या रात्री द्यायची. विनोद प्रतीतून काढून टाकावेत.

कुणाच्या घरी जाताना फुले न्यायची तर संख्या विषम. सम संख्या अंत्ययात्रेची. उंबऱ्यावरून हात मिळवत नाहीत, आत जाऊन मिळवतात. चपला दाराशीच काढतात, हे आपल्याला सांगावे लागत नाही. मिनेसोटाहून येणारे पूर्वी मेपलचा पाक आणि पाणथळीत पिकणारा रानतांदूळ आणत. पाकाची बाटली १०० मिलिलिटरपेक्षा मोठी असली की हातातल्या बॅगेतून विमानतळावरच जाते. ती मोठ्या सामानात, दोन पिशव्यांत गुंडाळून. रानतांदूळ त्या मानाने बिनघोर. रशियाहून अमेरिकेकडे सुके मांस किंवा सॉसेज नेऊ नये. जाहीर न केलेले खाद्य सापडले की दंड होतो.

कालित्का ही कारेलियाची ओळख. इथली म्हण आहे की कालित्काला आठ लागतात: पीठ, पाणी, मीठ, दूध, दही, आंबट साय, लोणी आणि सारण. पीठ ‘राय’ या गव्हासारख्या धान्याचे (आपली राई, म्हणजे मोहरी, नव्हे), म्हणजे चिवटपणा कमी. भाकरीच्या पिठाशी ज्यांचा हात बसला आहे त्यांना स्वभाव लगेच कळतो. दह्याने किंवा आंबट सायीने पीठ मऊ मळायचे, अर्धा तास ओल्या फडक्याखाली ठेवायचे. लिंबाएवढा गोळा, त्याची तळहाताहून थोडी मोठी, जवळजवळ आरपार दिसेल अशी पातळ पारी. मध्ये दुधात कालवलेला बटाटा किंवा बाजरीसारख्या बारीक धान्याची घट्ट लापशी. कडा वर घेऊन बोटांनी चुण्या घालायच्या, मधला भाग उघडाच. करंजीसारखे मिटवायचे नाही. खूप तापलेल्या भट्टीत दहा-पंधरा मिनिटे आणि बाहेर काढताच वितळलेले लोणी.

बिघडते ते दोन ठिकाणी. सारण गरम असताना भरले की पारी ओली होऊन तळाला फाटते. आणि लोणी लावायला उशीर झाला की कडा पापडासारख्या कडक होतात. रायचे पीठ गार झाल्यावर चरबी पीत नाही.

संध्याकाळी कारेलियाच्या राष्ट्रीय नाट्यगृहात फिनिश किंवा कारेलियन भाषेतले नाटक असेल तर पाहावे. रशियन भाषांतर कानाला लावायच्या यंत्रावर मिळते. फिनिश कशाला, हा प्रश्न पुढच्या दिवशी सुटतो.

दिवस ५: क्रास्नी बोर

१९३०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिका आणि कॅनडातून सहा हजारांच्या आसपास फिनिश लोक कारेलियात येऊन राहिले. मंदीत कामे गेली होती, आणि इथे एदवार्द ग्युलिंग यांच्या नेतृत्वाखालच्या कारेलियाला लाकूडतोडीसाठी कुशल हात हवे होते. त्यांतले कितीतरी सुपीरियर सरोवराच्या काठचे. ते धनुष्याच्या आकाराचे करवत, ओंडके लादण्याची पद्धत, मोटारी, वाद्ये घेऊन आले. परदेशी कामगारांसाठी ‘इन्स्नाब’ या पुरवठा यंत्रणेची वेगळी दुकाने होती, जिथे इतरांना न मिळणारे अन्न मिळे. स्थानिकांच्या मनात यावरून अढी बसली. संगीतकार कार्ल राउतिओ त्याआधीच, १९२२ मध्ये अमेरिकेहून आले होते. पुढे कारेलो-फिनिश सोव्हिएत प्रजासत्ताकाच्या राष्ट्रगीताची चाल त्यांनीच बांधली.

१९३७-३८ मध्ये फिनिश भाषेवर बंदी आली. अटकसत्र सुरू झाले, ग्युलिंग यांनाही गोळी घातली गेली. शहराजवळच्या क्रास्नी बोर जंगलात हजाराहून अधिक माणसे मारली गेली. ती जागा १९९७ मध्ये सापडली. त्याच वर्षी उत्तरेकडे मेद्वेझ्येगोर्स्कजवळ सांदारमोख सापडले, तिथे सहा हजारांहून अधिक. दोन्ही ठिकाणी अमेरिकेहून आलेले फिनिश लोक पुरलेले आहेत. पाइनच्या खोडांना फोटो आणि नावे लावलेली असतात. बसने जाता येत नाही असे धरून टॅक्सी थांबवून ठेवावी. इथे फार बोलू नये, चालकाशीही नाही.

वेळ उरला तर किवाच धबधबा, उंची १०.७ मीटर. सुना नदीचे पाणी वीजकेंद्राकडे वळवल्यापासून त्याचा जोर ओसरला आहे. नाही पाहिला तरी चालेल.

दिवस ६ आणि ७: मधली वाट

रशिया आणि अमेरिकेत थेट विमान नाही. सेंट पीटर्सबर्गला परत, तिथून इस्तंबूल, मग शिकागो आणि मिनिआपोलिस. वेगवेगळ्या कंपन्यांची वेगवेगळी तिकिटे काढली तर एक विमान चुकल्यावर पुढचे सगळे बुडते. इस्तंबूलपासून पुढे एकच तिकीट असावे. अमेरिकेच्या दारात रशियाबद्दल प्रश्न आले तर सरळ उत्तर द्यावे: कुठे, किती दिवस, कशासाठी. मिनिआपोलिसहून डुलूथ सुमारे २५० किलोमीटर, रस्त्याने अडीच तास.

दिवस ८: उचलला जाणारा पूल

डुलूथची वस्ती सुमारे ८६ हजार, पेत्रोझावोद्स्कच्या निम्म्याहून कमी. शहर उतारावर आहे. सप्टेंबरात वर ऊन असते तेव्हा खाली काठावर धुके. इथल्या हवामान अंदाजात ‘सरोवराजवळ गार’ हे शब्द ठरलेले. स्वेटर गाडीत ठेवू नये, अंगावर ठेवावा.

बंदराच्या तोंडावरचा पूल १९०५ सालचा. आधी त्याखाली लटकता पाळणा माणसे-गाड्या नेत असे. १९२९-३० मध्ये त्याचा रस्ताच वर उचलला जाईल अशी रचना केली. जवळजवळ ४१ मीटर वर. ३०० मीटर लांबीची खनिजवाहू जहाजे ९० मीटर रुंदीच्या कालव्यातून जातात, काठावरून हात लांबवला तर लागतील असे वाटते. जहाज भोंगा देते, पूल उत्तर देतो. लहान मुलांचे कान आधी झाकावेत.

सुपीरियरचे क्षेत्र ८२ हजार चौरस किलोमीटर, ओनेगाचे दहा हजारांच्या आत. तरी दोन्ही काठांवर एकच ठेका ऐकू येतो. अमेरिकन कवी लाँगफेलोने याच सरोवराच्या काठावर घडणारे हायावाथाचे काव्य १८५५ मध्ये प्रसिद्ध केले, ते ‘कालेवाला’ या फिनिश महाकाव्याच्या छंदात, आणि कालेवालाची मूळ गाणी एलियास ल्योनरोटने गोळा केली ती मुख्यतः कारेलियात. प्रत्येक ओळीत आठ अवयव, पहिल्यावर जोर. अष्टाक्षरीला सरावलेल्या मराठी कानाला तो लगेच पकडता येतो.

दिवस ९: पलीकडचे सुपीरियर

दुसऱ्या, महामार्गाच्या पुलावरून विस्कॉन्सिन राज्यातल्या सुपीरियर गावात जावे. ‘त्युओमिएस’ हे फिनिश कामगारांचे वृत्तपत्र १९१४ पासून इथून निघे, आणि कारेलियाला चला ही हाक त्यातूनही गेली. डुलूथमध्ये फिनिश कामगारांचे स्वतःचे महाविद्यालयही होते. करार १९८७ चा, पण वाट त्याआधी अर्धशतकापूर्वी लोकांनी पाडली होती, आणि तिच्या दुसऱ्या टोकाला क्रास्नी बोर होते. शहरांची ओळख करून देणाऱ्या पत्रकांत हे सहसा नसते.

संध्याकाळी साऊना. फिनिश साऊना कोरडी, ८० ते १०० अंश. रशियन बान्या कमी तापमानाची पण वाफेने भरलेली, बर्चच्या डहाळ्यांनी अंग झोडपायचे. रशियन पाहुणे येत तेव्हा ते इथे हटकून दगडांवर पाणी ओतत राहत आणि अमेरिकन यजमान बाहेर पळत. पहिल्या वेळी सात-आठ मिनिटे, खालच्या फळीवर. अंगठी आणि साखळी काढून ठेवावी, धातू पोळतो.

दिवस १०: घंटा आणि घड्याळ

एंगर टेकडीवर १९३९ सालचा दगडी मनोरा आणि शेजारी एक जपानी घंटा. दुसऱ्या महायुद्धानंतर ओहारा गावातल्या मंदिराची घंटा ‘डुलूथ’ नावाच्या अमेरिकन युद्धनौकेबरोबर इथे आली. १९५४ मध्ये शहराने ती परत पाठवली. आज टांगलेली आहे ती तिची प्रतिकृती, ओहाराने दिलेली. ओहारा नंतर डुलूथचे भगिनी शहर झाले. सप्टेंबरच्या मध्यावर याच कड्यावरून शिकारी पक्ष्यांचे थवे दक्षिणेकडे जातात, दुर्बीण असावी.

२०२२ मध्ये शिकागोने मॉस्कोशी असलेले नाते स्थगित केले. सिस्टर सिटीज इंटरनॅशनल या संस्थेचा सल्ला मात्र नाती तोडू नका असा होता. शाळकरी मुलांना वर्षभर अमेरिकेत नेणाऱ्या सरकारी ‘फ्लेक्स’ कार्यक्रमातून रशिया २०१४ मध्येच बाहेर पडला होता. एखाद्या शिक्षकाला दोन वर्ग स्वतःहून जोडायचे तर उरते ती पडद्यावरची भेट, आणि तिथे घड्याळ घात करते. डुलूथमध्ये सकाळचे आठ वाजतात तेव्हा पेत्रोझावोद्स्कमध्ये दुपारचे चार असतात. पण अमेरिका नोव्हेंबरात घड्याळ एक तास मागे नेते, रशिया नेत नाही. त्या रविवारनंतर तिकडे पाच वाजलेले असतात. मुले तासभर रिकाम्या पडद्यासमोर बसून घरी गेलेली असतात आणि इकडे शिक्षक जोडणी तपासत बसतात. मार्चमध्ये हाच घोळ उलट. तारीख ठरवताना वेळ दोन्ही शहरांची लिहावी, एकाची नाही.